जवाई उना : जुनाट डोकेदुखी आणि तिच्यासोबत जगताना सापडणारा विनोद

अमळनेर तालुक्यातील एका गावी राहणारी माझी मावशी डोके दुखू लागले की घरात दोनच शब्द उच्चारते, "जवाई उना." अहिराणीतल्या या शब्दांचा अर्थ 'जावई आला' एवढाच आहे, परंतु ते ऐकताच दूरचित्रवाणी बंद होते, खिडकीवर जाड चादर टाकली जाते आणि लसणाची फोडणी त्या दिवसापुरती स्वयंपाकातून वगळली जाते. न कळवता यावे, आल्यावर साऱ्या घराने दबक्या आवाजात वागावे, कशानेही समाधान होऊ नये आणि तीन दिवस मुक्काम हलू नये, ही लक्षणे तिच्या दुखण्याला आणि जुन्या काळच्या जावयाला सारखीच लागू पडतात, असे ती सांगते तेव्हा घरातले खरे जावईसुद्धा हसतात.

मावशीला मायग्रेन आहे. दर उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की डोकेदुखीची चर्चा घराघरांत सुरू होते, आणि त्या चर्चेत मला नेहमी तीन वाक्ये ऐकू येतात. "डोकं तर सगळ्यांचंच दुखतं" हे पहिले, "मेंदूत गाठ तर नसेल ना?" हे दुसरे, आणि अलीकडे फार बोलले जाणारे तिसरे वाक्य म्हणजे "हसत राहा, आपोआप बरं वाटेल." या तिन्ही वाक्यांमुळे रुग्णांचे नुकसान होताना मी पाहिले आहे. म्हणून जुनाट डोकेदुखी म्हणजे काय, ती कशी निर्माण होते आणि विनोदाचा तिच्याशी खरा संबंध किती, हे येथे क्रमाने मांडतो.

'जुनाट' कधी म्हणायचे?

डोकेदुखीचे दोन मोठे गट आहेत. डोक्याला मार, ताप, रक्तदाब, मेंदूतील गाठ किंवा रक्तस्राव अशा दुसऱ्या एखाद्या कारणामुळे जी उद्भवते ती दुय्यम डोकेदुखी. आणि जिच्यामागे असे वेगळे कारण नसून दुखणे हाच आजार असतो ती प्राथमिक डोकेदुखी. वारंवार डोके दुखणाऱ्या बहुसंख्य लोकांची डोकेदुखी प्राथमिक असते, आणि म्हणूनच स्कॅनमध्ये काही निघत नाही. स्कॅन स्वच्छ असणे याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे असा होत नाही. रेडिओ नीट वाजत नसला तरी त्याची पेटी बाहेरून धडधाकट दिसू शकते. तसेच काहीसे हे आहे.

प्राथमिक डोकेदुखीचे दोन प्रकार आपल्याला सर्वाधिक भेटतात. ताणजन्य डोकेदुखीत डोक्याभोवती फडके आवळून बांधल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते, पण माणूस बहुधा काम करत राहू शकतो. मायग्रेनमध्ये, ज्याला आपण अर्धशिशी म्हणतो, दुखणे बहुतेकदा एका बाजूला आणि ठसठसणारे असते, जिना चढल्यावर किंवा वाकल्यावर ते वाढते, मळमळ होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. उपचार न केल्यास एक आघात, म्हणजे दुखण्याचा एक झटका, ४ ते ७२ तास टिकतो. मावशीचा तीन दिवसांचा हिशेब वैद्यकशास्त्राच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. अर्धशिशी हे नाव असले तरी काहींचे पूर्ण डोके दुखते, हेही लक्षात ठेवावे. काही रुग्णांना दुखण्याच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात; या पूर्वलक्षणाला ऑरा म्हणतात.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस, सलग ३ महिन्यांहून जास्त काळ डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस मायग्रेनची लक्षणे असतील, तर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. म्हणजे अशा व्यक्तीचे निम्मे किंवा त्याहून अधिक दिवस दुखण्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये सुमारे ३१० कोटी लोकांना, म्हणजे जगाच्या जवळपास ४० टक्के लोकसंख्येला, डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. "सगळ्यांचंच दुखतं" हे वाक्य त्या अर्थाने फारसे खोटे नाही. मात्र वर्षातून चार वेळा दुखणे आणि महिन्यातून अठरा दिवस दुखणे यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे पहिल्या सरीला आणि महापुराला एकच नाव देणे होय.

दुखते ते नेमके काय?

मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना जाणवत नाही, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. वेदना जाणवते ती मेंदूभोवतीच्या आवरणांना आणि त्यांतील रक्तवाहिन्यांना. चेहरा, कपाळ आणि ही आवरणे यांची खबर मेंदूपर्यंत नेणारी ट्रायजेमिनल नावाची एक मोठी चेता, म्हणजे मज्जातंतू, असते. मायग्रेनच्या आघातात या चेतेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा रेणू बाहेर पडतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचे संदेश जोरात धावू लागतात. हा उलगडा करण्यात ज्यांचे मोठे योगदान आहे त्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चार संशोधकांना २०२१ चा 'ब्रेन प्राइझ' हा मेंदूसंशोधनातील मोठा पुरस्कार मिळाला. या रेणूला अडवणारे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

वारंवार आघात झाले की आणखी एक बदल घडतो, आणि जुनाटपणाचे मर्म त्यातच आहे. केळीच्या बागेत रात्री राखण करणाऱ्या माणसाचा विचार करा. आरंभी तो रानडुकराची चाहूल लागली तरच ओरडतो. रोज रात्री रानडुकरे येऊ लागली, त्याची झोप उडाली, की काही दिवसांनी वाऱ्याने पान हलले तरी तो दचकून ओरडतो आणि सारी वस्ती जागी होते. त्याच्या ओरडण्यात लबाडी मुळीच नसते, त्याचे कान मात्र वाजवीपेक्षा तिखट झालेले असतात. वेदनावाहक चेतापेशींचे असेच होते. मग केस विंचरणे, चष्म्याची दांडी कानावर टेकणे, उशीवर डोके ठेवणे अशा निरुपद्रवी स्पर्शांनीही दुखते. "एवढ्याशानं काय दुखतं?" या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

हे पित्त नव्हे का?

खान्देशात मायग्रेनला सर्वाधिक वेळा 'पित्त' म्हटले जाते आणि त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे: डोके दुखते, मळमळते, उलटी झाली की काहींना हलके वाटते, म्हणजे दोष पोटात असला पाहिजे. प्रत्यक्षात मळमळ मेंदूतूनच सुरू होते, आणि आघाताच्या काळात जठराची हालचाल मंदावते. म्हणजे पोट हे येथे कारण नसून परिणाम आहे. याचा एक व्यावहारिक अर्थ असा की दुखणे शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी मंदावलेल्या पोटात पडून राहते आणि लवकर लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध आघाताच्या आरंभीच घ्यायचे असते, आणि काही वेळा त्यासोबत उलटीवरचे औषधही दिले जाते.

'सायनस'ची कथाही अशीच आहे. मायग्रेनमध्ये नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, कारण तीच ट्रायजेमिनल चेता नाकाकडेही जाते. त्यामुळे वर्षानुवर्षे सायनसचे उपचार घेणाऱ्या अनेकांचे मूळ दुखणे मायग्रेन असते.

राहता राहिला केळ्यांचा प्रश्न, जो रावेर-यावल भागात मला आवर्जून विचारला जातो, कारण डोकेदुखीच्या पथ्यांच्या याद्यांत केळीही लिहिलेली असतात. असे पथ्य सरसकट सर्वांना लागू पडत नाही. केळे खाल्ल्यावर आपले डोके खरोखर दर वेळी दुखते का, हे दोन-तीन महिने लिहून पाहावे. दुखत नसेल तर घरच्या बागेतले केळे सोडण्याचे कारण नाही.

उन्हाळा, उपवास आणि जागरण

मायग्रेनची प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते आणि स्त्रियांमध्ये ती पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. मासिक पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते तेव्हा आघात वाढतात. या प्रवृत्तीला चेतवणाऱ्या गोष्टींना मी अंगणातल्या रांजणाची उपमा देतो. अपुरी झोप एक कळशी ओतते, चुकलेले जेवण दुसरी, ऊन तिसरी, चिंता चौथी. रांजण ज्या कळशीने भरून वाहतो तिला आपण दोष देतो, पण तळाशी आधीच्या कळशा साचलेल्या असतात. म्हणून कालचे ऊन बाधले नाही आणि आजचे बाधले, याचे नवल वाटायला नको.

आपल्या भागातील वर्षाकडे या नजरेने पाहिले तर पुष्कळ काही दिसते. श्रावणात कानबाई या देवीचा उत्सव असतो. त्या रविवारी घरातील स्त्रिया दिवसभर राबतात, नीट जेवत नाहीत आणि रात्रभर जागतात, त्यामुळे सोमवारी विसर्जनाच्या वेळी तीन-चार कळशा एकदम पडलेल्या असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी ऐन वैशाखातल्या उन्हात झोक्यावर असतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींजवळून जाताना निरोगी माणसालाही ठसका लागतो. मायग्रेनच्या रुग्णाला तर उग्र वास स्वतंत्रपणे आघात घडवू शकतो. लग्नसराईतील ध्वनिवर्धक आणि लखलखते दिवे यांविषयी वेगळे सांगायला नको.

सण सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही. कानबाईच्या रात्री जागायचेच असेल तर आदल्या दिवशी पूर्ण झोप घ्यावी, उपवासात दूध, फळे आणि पाणी ठरावीक वेळी घ्यावे, आणि त्या दिवशी उन्हातले काम दुसऱ्या कोणी करावे. एक-दोन कळशा कमी झाल्या तरी रांजण वाहत नाही.

गोळीच दुखण्याचे कारण कशी होते?

हा भाग शांतपणे वाचावा, कारण जुनाट डोकेदुखीच्या कितीतरी रुग्णांची अडचण येथेच दडलेली असते. किराणा दुकानातही सहज मिळणारी वेदनाशामक गोळी सावकाराच्या कर्जासारखी असते: आजची नड भागते आणि व्याज उद्यावर चढते. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या आणि मायग्रेनसाठीची ट्रिप्टान गटातील औषधे महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अशी ३ महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर गोळीचा अंमल उतरताच डोके पुन्हा दुखू लागते, त्यासाठी पुन्हा गोळी घेतली जाते आणि हे चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहते. याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. येथे गोळ्यांच्या संख्येइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, दिवसांना महत्त्व आहे.

यावरचा उपाय म्हणजे ती गोळी थांबवणे किंवा कमी करणे. पण हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे, कारण पहिले काही दिवस दुखणे वाढते आणि काही औषधे एकदम बंद करणे धोक्याचे असते. त्यासोबत रोज घेण्याचे प्रतिबंधक औषध सुरू केले जाते. नेमक्या याच टप्प्यावर घरात आक्षेप निघतो. कोणीतरी पाकिटावरचे नाव वाचून सांगतो, "ही तर फिटची गोळी आहे," किंवा "ही बीपीची आहे, ही मानसिक रोगाची आहे," आणि घाबरलेला रुग्ण औषध बंद करतो. प्रोप्रॅनोलॉल हृदयविकार आणि रक्तदाबासाठी, टोपिरामेट अपस्मारासाठी आणि अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी वापरात आले हे खरे आहे. परंतु यांतील प्रत्येक औषध वेगळ्या वाटेने चेतापेशींचा तिखटपणा कमी करते, आणि म्हणून मायग्रेनमध्ये बऱ्याचदा कमी मात्रेत दिले जाते. राखणदाराला नीट झोप मिळावी, असा त्याचा हेतू असतो. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण पंधरा दिवसांत आशा सोडतात.

मग विनोदाचा संबंध कुठे येतो?

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेविषयी एक सिद्धान्त मांडला, ज्याला द्वारनियंत्रण सिद्धान्त म्हणतात. त्याआधी वेदना ही दोरी ओढली की वाजणाऱ्या घंटेसारखी मानली जाई. या दोघांनी सांगितले की वाटेत एक फाटक आहे. भुसावळकरांना रेल्वेचे फाटक समजावून सांगावे लागत नाही. रस्त्यावरून वाहने किती आली यावरच रहदारी ठरत नाही. फाटकवाल्याला स्टेशनातून काय निरोप येतो, यावरही ती ठरते. मेंदू खालून आलेले संदेश ऐकतो आणि वरून आज्ञाही पाठवतो. भीती, निराशा आणि "हे कधीच थांबणार नाही" ही भावना फाटक उघडे ठेवतात. सुरक्षितता, सोबत आणि दुसरीकडे वळलेले लक्ष ते काहीसे ओढून घेतात. मूळ सिद्धान्तातील तपशिलांत पुढे बरेच बदल झाले; वरून खाली येणाऱ्या आज्ञांची कल्पना मात्र टिकली आणि भक्कम झाली.

विनोद या फाटकापाशी काम करतो. ब्रिटनमधील रॉबिन डन्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इतरांसोबत मनमुराद हसल्यानंतर लोकांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढल्याचे आढळले. २०१७ साली फिनलंडमधील संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांच्या मेंदूचे चित्रण करून दाखवले की मित्रांसोबत हसल्यावर मेंदूच्या काही भागांत शरीराची स्वतःची, अफूच्या जातीची वेदनाशामके स्रवतात. दोन्ही संशोधनांत भर 'सोबत' हसण्यावर आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे प्रयोग निरोगी माणसांवर झाले, मायग्रेनच्या रुग्णांवर नव्हे. नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाने १९६४ मधील आपल्या सांध्यांच्या दुखण्यात दहा मिनिटांच्या खळखळून हसण्याने दोन तास वेदनारहित झोप मिळाल्याचे पुढे सांगितले, आणि ती कथा जगभर गेली. ती एका माणसाची, वेगळ्या आजारातली हकिकत आहे. हसून मायग्रेन बरा होतो असे कोणी सांगत असेल, तर ते मानू नये. विनोदाने दुखण्याचे दिवस निश्चितपणे घटतात असे मी म्हणत नाही. दुखणाऱ्या दिवसांत माणूस एकटा पडत नाही आणि दोन आघातांमधल्या दिवसांवर पुढच्या आघाताच्या भीतीचे सावट थोडे कमी पडते, एवढे मी म्हणतो. वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्याला हे थोडे नसते.

"पण हसले की डोके आणखी ठणकते"

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. मायग्रेन शारीरिक हालचालीने वाढतो आणि जोरजोरात हसणे ही हालचालच आहे: छाती हलते, डोके हलते, आवाज होतो. म्हणून आघात चालू असताना रुग्णाला हसवायला जाणे ही क्रूरता ठरते. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत पाच जणांसह हास्यमंडळ सुरू केले आणि आज आपल्या शहरांतील बागांतही सकाळी दोन्ही हात उंचावून हसणारे गट दिसतात. त्यांत जाण्यात गैर काही नाही, परंतु ते दुखणे नसलेल्या दिवशी.

हास्य आणि विनोद यांत फरक करायला हवा. हास्य हा देहाचा व्यापार आहे, विनोद ही पाहण्याची रीत आहे. मावशी अंधाऱ्या खोलीत पडून "जवाई उना" म्हणते तेव्हा ती स्वतः हसत नसते. ती दुखण्याला नाव देत असते. वेदनेला शब्द सापडणे किती अवघड असते हे मेल्झॅक यांनीच ओळखले होते, आणि १९७५ मध्ये त्यांनी वेदनेचे वर्णन करणाऱ्या शब्दांची प्रश्नावली तयार केली. आपल्या भाषेत ठणका, ठसठस, सणक, कळ, चमक असे शब्दांचे धन आहे. तरीही "आज सणक येतेय" हे ऐकून घर जेवढे हलत नाही तेवढे "जवाई उना" ऐकून हलते, कारण जावयाभोवतीचे सारे शिष्टाचार घराला आधीच पाठ आहेत. वेगळी विनवणी करावी लागत नाही, रडावे लागत नाही, आणि सासरच्या माणसांना अपराधीही वाटत नाही.

(हसण्याने, खोकल्याने किंवा जोर केल्यानेच अचानक तीव्र डोकेदुखी सुरू होत असेल, तर ती वेगळी बाब आहे आणि तिची तपासणी करून घेतलीच पाहिजे.)

विनोद कोणाच्या हातात?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार रीती सांगितल्या. माणसांना जवळ आणणारा विनोद, संकटात स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला बोचणारा विनोद, आणि इतरांनी आपल्याला स्वीकारावे म्हणून स्वतःलाच खाली पाडणारा विनोद. पहिल्या दोन रीती मनाच्या स्वास्थ्याशी जोडलेल्या आढळतात. शेवटची चिंता आणि नैराश्याशी.

हे वाचल्यावर मला माझ्या भागातली कितीतरी घरे आठवली. जेवणाच्या वेळी सुनेचे डोके दुखू लागले की "भाकरी थापायच्या वेळीच बरं दुखतं" असे म्हणणारा दीर हा विनोद करत नसतो, तो तिचे दुखणे खोटे ठरवत असतो, आणि आजूबाजूचे हसले की तिला उत्तर देण्याची वाटही उरत नाही. याहून मला अधिक जाळणारी गोष्ट म्हणजे लग्नाच्या मुली. "मुलीला डोक्याचं काहीतरी आहे" असे स्थळाच्या कानावर जाईल या भीतीने मायग्रेन लपवणाऱ्या आणि मैत्रिणींत त्यावर स्वतःच हसून विषय टाळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचे हसणे हा पडदा असतो. त्या डॉक्टरकडे जात नाहीत, दुकानातून गोळी आणतात, आणि काही वर्षांत आधी सांगितलेल्या सावकाराच्या दारात पोचतात. मायग्रेनने बुद्धी कमी होत नाही, वेड लागत नाही, संसार अडत नाही. ज्यांना ऑरा होतो अशा स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण अशा गोळ्यांनी त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि जी आपले दुखणेच लपवते ती हे सांगणार कसे?

म्हणून घरच्यांसाठी माझी विनंती एकच आहे: दुखण्यावरचा विनोद सुरू करण्याचा अधिकार ज्याचे दुखते त्याचा. त्याने नाव दिले तर ते नाव आपण वापरावे. त्याने दिले नाही तर गप्प बसावे, पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा आणि दार लोटून घ्यावे.

कोणत्या डोकेदुखीवर अजिबात हसू नये

क्षणार्धात शिगेला पोचणारी, आयुष्यातील सर्वांत भयंकर वाटणारी डोकेदुखी. तापासोबत मान आखडणे. हात-पाय लुळे पडणे, बोबडी वळणे, दिसेनासे होणे, शुद्ध हरपणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे. गरोदरपणातील किंवा बाळंतपणानंतरची नवी, तीव्र डोकेदुखी. आणि दिवसेंदिवस वाढतच जाणारे दुखणे. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विशेषतः उन्हाळ्यात उन्हातून आलेल्या माणसाला डोकेदुखीसोबत भ्रम होऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अंग थंड करत त्याला तत्काळ हलवावे. ज्याला आधीपासून मायग्रेन आहे त्यालाही दुसरे काही होऊ शकते, म्हणून "नेहमीचंच आहे" असे म्हणण्यापूर्वी दुखण्याचा तोंडवळा बदलला आहे का, हे पाहावे.

भिंतीवरची नोंद

डोकेदुखीच्या उपचारात डॉक्टरांना सर्वाधिक उपयोगी पडते ती रुग्णाने ठेवलेली नोंद: कोणत्या दिवशी दुखले, किती वेळ, कोणती गोळी घेतली, आदल्या रात्री झोप किती झाली, पाळी कधी होती. हा सल्ला सर्वांना मिळतो आणि फार थोडे तो पाळतात. मावशीला एकदा अशी छापील वही मिळाली होती. 'वेदनेची तीव्रता', 'कालावधी' असे रकाने असलेली ती वही तिने दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली, कारण आजारी माणसाने रोज आपण आजारी आहोत असे लिहिणे तिला नकोसे वाटे.

मग तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुखण्याच्या दिवशी 'ज' लिहायला सुरुवात केली, आणि गोळी घेतली की त्या 'ज'खाली एक टिंब. जावयाने पाहुणचार घेतला, असा त्या टिंबाचा अर्थ होता. नातवंडांना त्यात इतकी गोडी वाटली की मावशी विसरली तर नातवंडेच आठवण करून देत. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याचे पान घेऊन ती जळगावला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेली तेव्हा त्यावर १९ 'ज' होते आणि त्यांपैकी १६ खाली टिंबे. डॉक्टरांना दुसरे फारसे विचारावे लागले नाही; जुनाट मायग्रेन आणि गोळ्यांचा अतिवापर, दोन्ही त्या पानावर लिहिलेले होते. किराणा दुकानातली गोळी बंद झाली, त्यानंतरचे आठ-दहा दिवस तिला फार जड गेले, रोजचे प्रतिबंधक औषध सुरू झाले, आणि दिवाळीच्या महिन्यात 'ज' नऊवर आले.

ते शून्यावर आलेले नाहीत आणि येतील असे कोणी तिला सांगितलेलेही नाही. हल्ली तपासणीच्या खोलीत गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "या महिन्यात जावई किती दिवस होते?" आणि मावशी पिशवीतून दिनदर्शिकेचे पान काढून त्यांच्यासमोर ठेवते. गेल्या खेपेच्या पानावर सहा 'ज' होते, त्यांतले दोन आखाजीच्या आठवड्यातले, आणि टिंबे तीनच.